नकाशात शेत, जागेवर घर

तीनेक वर्षांपूर्वी आपल्या खान्देशातल्याच एका तालुक्याच्या गावी मी घरपट्टीच्या सर्वेचं काम करत होतो, घरोघर जायचं, टेपने मोजायचं, टॅबवर भरायचं. एप्रिलचा महिना होता आणि आपल्याकडचा एप्रिल म्हणजे सांगायला नको, अकराच्या पुढे गल्लीत माणूस दिसत नाही. एका कॉलनीत एक नाना गेटजवळ उभे होते, त्यांनी आत बोलावलं, आधी माठातलं पाणी दिलं आणि मग घडी घातलेला एक कागद काढला. शहराच्या नव्या विकास आराखड्याच्या नकाशाची रंगीत झेरॉक्स होती ती. त्यांच्या घराच्या जागेवर हिरवा रंग आणि त्यात एक नंबर, म्हणजे खेळाच्या मैदानाचं आरक्षण, ती जागा पुढे मैदानासाठी राखून ठेवलेली. नाना म्हणाले, "भाऊ, आठे तं मन्हं घर शे. पंधरा वरीस व्हयनात. नकाशामा मैदान कसं काय व्हई गयं?"

मला तेव्हा त्यांना पटेल असं उत्तर देता आलं नाही, कारण उत्तर लांबलचक आहे आणि त्या हिरव्या रंगाच्या खूप आधीपासून सुरू होतं. ते इथे नीट सांगायचा प्रयत्न करतो, कारण नानांसारखी माणसं जळगावात आहेत, धुळ्यात आहेत, भुसावळ-नंदुरबारला आहेत, आणि बऱ्याच जणांना आपल्या घरावर कोणता रंग पडलाय हे माहीतच नसतं.

महाराष्ट्रात शहराचं नियोजन १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याने चालतं, सगळे त्याला एमआरटीपी म्हणतात. त्यानुसार महापालिका किंवा नगरपालिका विकास आराखडा बनवते, ऑफिसात आणि बाहेरही त्याला डीपीच म्हणतात. कुठे रस्ता होणार, कुठे शाळा, दवाखाना, बगीचा, भाजी मार्केट, एसटी स्टँड, कोणत्या भागात घरं आणि कोणत्या भागात कारखाने, हे सगळं त्यात रंगाने आणि रेघांनी ठरतं, आणि साधारण वीस वर्षांनी तो पुन्हा तपासून नवा करायचा असतो. लोकांना वाटतं डीपी म्हणजे पुढचं चित्र. पण त्याच कायद्याचं कलम २५ बघा, पुढचं काहीही काढायच्या आधी शहराचा सर्वे करायचा आणि आज कोणत्या जमिनीवर काय आहे याचा नकाशा बनवायचा, असं ते सांगतं. त्याला विद्यमान जमीन वापर नकाशा म्हणतात, ऑफिसच्या भाषेत ईएलयू. राहण्याची घरं पिवळी, दुकानं-व्यापार निळा, कारखाने जांभळे, असे रंग भरलेला तो आजचा फोटोच म्हणा.

सगळा खेळ त्या फोटोवर आहे. आराखडा बनवणारा माणूस शहरातली प्रत्येक गल्ली पायी फिरलेला नसतो, फिरूही शकत नाही, तो टेबलावर हा नकाशा ठेवून विचार करतो की या भागात एवढी माणसं राहतात, मैदान नाही, मैदानाला एवढी जागा लागेल, मोकळी जागा कुठे दिसतेय, ही बघा इथे दिसतेय, टाका आरक्षण. त्याच्या मनात काही वाईट नसतं. त्याच्या कागदावर ती जागा खरंच मोकळी असते.

मग नानांची जागा मोकळी कशी दिसली? तर ती जमीन मुळात शेत. सातबाऱ्यावर गट नंबर आहे, पीकपाणी आहे, कापूस लिहिलेला आहे. मालकाने २००० च्या पुढेमागे गुंठा-गुंठा करून ती विकली, बिनशेती झाली नाही, ले-आऊट मंजूर झाला नाही, लोकांनी आपापल्या ऐपतीने घरं बांधली. (अशाच वस्त्यांसाठी राज्याने २००१ मध्ये गुंठेवारीचा कायदा केला, आणि २०२१ मध्ये तो बदलून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला नियमित होण्याची वाट दिली, म्हणजे हा प्रकार किती पसरलेला आहे ते समजा.) आता गंमत नाही, दुःखाची गोष्ट अशी की नानांच्या घराची माहिती सरकारजवळ नव्हती असं नाही. वीज मीटर होतं, म्हणजे वीज कंपनीला घर माहीत. घरपट्टी लागलेली, म्हणजे नगरपालिकेच्या कर विभागाला माहीत. मतदार यादीत नाव, रेशन कार्डावर पत्ता. फक्त ज्या नकाशावर आराखडा काढला त्या नकाशाला माहीत नाही, कारण तो जुना गाव नकाशा आणि काही वर्षांपूर्वीचा उपग्रहाचा फोटो एकावर एक ठेवून बनवलेला.

आपल्याकडे एका घराला किती नंबर असतात मोजून बघा. गावठाणात असेल तर सिटी सर्वे नंबर, त्याचं मालमत्ता पत्रक भूमी अभिलेखकडे. बाहेर असेल तर गट नंबर किंवा जुना सर्वे नंबर आणि हिस्सा, त्याचा सातबारा तलाठ्याकडे. ले-आऊट असेल तर प्लॉट नंबर. घरपट्टीचा मालमत्ता क्रमांक वेगळा, नळ कनेक्शनचा वेगळा, वीज ग्राहक क्रमांक वेगळा. आणि यातला एक नंबर टाकला की दुसरा आपोआप निघतो अशी सोय बहुतेक ठिकाणी नाही. घर एकच, पण कागदात ते सात ठिकाणी सात नावांनी राहतं आणि त्या सातांची एकमेकांशी ओळख नाही. मी स्वतः ज्या सर्वेत होतो तो घरपट्टीचा होता, आराखड्याचा सर्वे वेगळ्या लोकांनी वेगळ्या वेळी केला, एकाच गावात, आणि आमच्या टॅबमधली माहिती त्यांच्या टेबलावर कधी गेली नाही. हे मला आजही सहन होत नाही.

जमिनीचे आपले जुने नकाशे मात्र वाईट होते असं कोणी समजू नये. ब्रिटिश काळात मुंबई इलाख्यात ३३ फुटांची साखळी घेऊन शेतं मोजली, साखळीचे १६ आणे पाडलेले, आणि एक साखळी लांब एक साखळी रुंद म्हणजे १,०८९ चौरस फूट म्हणजे एक गुंठा, असे ४० गुंठे म्हणजे एकर. आजही प्लॉट घेताना आपण गुंठ्यातच बोलतो तो हिशोब तिथला. काम मन लावून केलेलं होतं, पण ते शेताची हद्द आणि सारा ठरवायला केलेलं होतं. त्या शेतात पुढे दीडशे घरं उभी राहतील, त्यात कोण वर राहील कोण खाली दुकान टाकेल, हे त्या नकाशाकडून अपेक्षित नव्हतंच. आपण शेताच्या नकाशाला शहराचं काम सांगतो आणि मग तो चुकला म्हणतो.

धुळ्याचं उदाहरण घ्या. १८१८ ला इंग्रजांकडे खान्देश आला, कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याला मुख्य ठाणं केलं आणि बाहेरच्या व्यापाऱ्यांना बोलावून नवी पेठ वसवली, सरळ रेषेत गल्ल्या काढल्या. आजही धुळ्याचा माणूस पत्ता सांगताना गल्ली नंबर चार, गल्ली नंबर सहा असंच सांगतो. आखलेलं शहर आहे ते, दोनशे वर्षांपूर्वी. पण आज त्या गल्लीत उभं राहून टेप लावा. कागदावरच्या रुंदीतून दोन्ही बाजूचे ओटे वजा करा, पायऱ्या वजा करा, गटारावरचे ढापे, दुकानापुढे आलेलं पत्र्याचं छत, विजेचा खांब, उभ्या मोटरसायकली वजा करा आणि मग जे उरेल तो खरा रस्ता, ज्यातून अग्निशमनची गाडी जाणार आहे. नकाशातली रुंदी आणि जागेवरची रुंदी हे दोन वेगळे आकडे आहेत आणि दोन्ही लिहून ठेवायला लागतात.

मग "आज जे आहे" त्यात नेमकं काय काय मोजायचं? बहुतेकांना वाटतं बिल्डिंगचा आकार काढला की झालं. तो तर पहिला भाग, वरून दिसणारा चौकोन. त्यानंतर मजले किती, प्रत्येक मजल्याचा वापर काय, कुटुंबं किती, भाड्याने आहे का मालक राहतो, बांधकाम लोड बेअरिंगचं का कॉलमचं, छत कशाचं, साल कोणतं, जोत्याची उंची रस्त्यापेक्षा वर का खाली, पाणी कुठून येतं, सांडपाणी कुठे जातं. जोत्याची उंची हा शब्द ऐकायला किरकोळ वाटतो, पण दर दोन-चार वर्षांनी रस्त्यावर थरावर थर टाकल्यामुळे आपल्याकडे कितीतरी जुनी घरं रस्त्याच्या खाली गेली आहेत आणि पहिल्या जोराच्या पावसात पाणी घरात शिरतं. नवं गटार आखणाऱ्याकडे ती उंची नसेल तर गटार बनतं, बिलं निघतात, आणि पाणी पुन्हा घरातच जातं.

वापराचा रंग हा तर फारच फसवा विषय. जळगावच्या सराफ बाजारासारखा भाग घ्या, खाली सोन्याचं दुकान, वर कारागीर, त्यावर राहतं घर. नकाशात एकच रंग भरायचा तर कोणता भरणार? निळा भरला की तिथे राहणारी माणसं हिशोबातून गेली, म्हणजे त्यांच्या मुलांची शाळाही गेली. पिवळा भरला तर दिवसभर येणारी गर्दी, पार्किंग, आगीचा धोका गेला. म्हणून मजलानिहाय वापर लिहावा लागतो, त्याला वेळ जास्त लागतो आणि तिथेच काटछाट होते.

अजून एक गोष्ट जी बाहेरच्या एजन्सीच्या मुलांना सांगूनही पटत नाही, ती म्हणजे वार आणि महिना. आठवडे बाजाराची जागा आठवड्यातले सहा दिवस मोकळी असते. सर्वेवाला मंगळवारी गेला आणि बाजार शनिवारचा असला तर तो "मोकळी जागा" लिहून पुढे जातो, आणि शे-दोनशे भाजीवाल्या बायकांचं पोट ज्या जागेवर आहे ती जागा कागदावर कोणाचीच राहत नाही. अमळनेरला बोरी नदीच्या पात्रात वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा भरते, धुळ्यात पांझरेच्या काठी चैत्रात एकवीरा देवीची भरते, या जागा बाकी वर्षभर रिकाम्या दिसतात. आणि उलटंही होतं, मे महिन्यात नाला कोरडा ठणठणीत, त्यात मुलं क्रिकेट खेळतात, मोटरसायकली जातात, तर सर्वेत तो कच्चा रस्ता म्हणून लागतो. श्रावणात येऊन बघा म्हणावं.

आता हे सगळं मोजायचं कसं. उपग्रहाचा फोटो, ड्रोन आणि माणूस, हे तिन्ही लागतात, एकाने भागत नाही.

उपग्रहाच्या फोटोवरून कॉम्प्युटर आता आपोआप घरं ओळखतो, गुगलने तर भारतासकट कितीतरी देशांतल्या इमारतींचे आकार असे काढून सगळ्यांसाठी खुले केलेत, कोणीही उतरवून घेऊ शकतं. पण त्याला आपली घरं कळतातच असं नाही. आपल्याकडची जुनी धाब्याची घरं आठवा, लाकडी सरे, त्यावर काड्या, त्यावर मातीचा थर. वरून बघितलं तर मातीच दिसते. कॉम्प्युटरला ती शेजारच्या उघड्या जमिनीसारखी वाटते आणि तो घर सोडून देतो. दारात मोठा निंब असला तर अर्धं घर झाडाखाली. वाड्यात सामाईक भिंती असल्या की पाच घरं मिळून एकच मोठा चौकोन. म्हणजे जुनं, गरीब आणि दाट तिथे मशीन जास्त चुकतं, आणि नव्या बंगल्यांच्या कॉलनीत ते अगदी बरोबर येतं. सरासरी काढली तर आकडा छान दिसतो, पण चुका कोणाच्या वाट्याला गेल्या हे सरासरीत दिसत नाही.

ड्रोन बरंच बारीक दाखवतो. आधी जमिनीवर चुन्याने ठिकठिकाणी फुल्या मारतात, त्या फुलीची जागा रोव्हर नावाच्या यंत्राने काही सेंटिमीटरपर्यंत अचूक घेतात, मग ड्रोनचे शेकडो फोटो त्या फुल्यांना जुळवून एकसंध चित्र करतात. गावठाणांसाठी केंद्राची स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० ला आली ती अशीच, आणि शहरांसाठी नक्शा नावाचा पथदर्शी कार्यक्रम १८ फेब्रुवारी २०२५ ला देशातल्या १५२ शहरांत सुरू झाला, त्यातही वरून चित्र घ्यायचं आणि मग जागेवर जाऊन पडताळायचं असंच आहे. पण ड्रोनलाही छप्पर दिसतं, भिंत दिसत नाही. छज्जा अडीच फूट बाहेर असेल तर घर कागदावर तेवढं फुगतं आणि दोन घरांमधली बोळ गायब होते. उंचीवरून मजले काढायला गेलात तर आपल्याकडे अजून एक अडचण, स्लॅब तापू नये म्हणून गच्चीवर पत्र्याचं शेड टाकायची पद्धत घरोघर आहे, बेचाळीस-पंचेचाळीस डिग्रीत दुसरं करणार काय, तर हिशोबात ते शेड एक मजला म्हणून येतं. त्या पत्र्याखाली पापड वाळत घातलेत का भाडेकरू राहतो, हे जिना चढल्याशिवाय कळत नाही.

आणि मोबाईलच्या जीपीएसवर विसंबून सर्वे करणारे पण बघितलेत मी. मोबाईल मोकळ्या मैदानातसुद्धा चार-पाच मीटर इकडेतिकडे दाखवतो, दाट गल्लीत त्याहून जास्त. आपली गल्लीच सहा मीटरची, म्हणजे तुमच्या घराचा ठिपका समोरच्याच्या घरात जाऊन बसतो आणि त्याची घरपट्टी तुम्हाला.

यात स्केलची एक गोष्ट सांगतो, ती समजली की अर्धी भांडणं समजतात. केंद्राच्या अमृत योजनेत शहरांचे आराखडे जीआयएसवर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या नकाशात, करायला घेतले ते १:४००० या प्रमाणावर, म्हणजे नकाशावरचा एक मिलिमीटर जागेवर चार मीटर. आता अर्ध्या मिलिमीटर जाडीची रेघ मारली तर जागेवर ती दोन मीटर रुंद झाली. माणूस प्रिंट घेऊन येतो आणि विचारतो रेघ माझ्या भिंतीच्या अलीकडे का पलीकडे, तर त्या प्रिंटवरून ते सांगताच येत नाही, रेघेची जाडीच भिंतीपेक्षा जास्त आहे. म्हणून नकाशा बघताना त्याचं प्रमाण काय, मूळ मोजणी कशाने झाली आणि कोणत्या तारखेची, हे आधी विचारायचं. तारीख तर सगळ्यात महत्त्वाची, कारण सर्वेपासून मंजुरीपर्यंत वर्षंच्या वर्षं जातात आणि शहर तेवढा वेळ थांबून राहत नाही.

बरं, चुकलं तर काय होतं. पाण्याचंच बघा. आपल्याकडे वरण-बट्टीची पंगत असली की घरातली मोठी माणसं विचारतात, पानं किती पडणार? पत्रिका किती वाटल्या ते कोणी विचारत नाही, कारण एका पत्रिकेवर सात जण येतात आणि एकीवर कोणीच येत नाही. शहराचं पाणीही पानांवर मोजायला हवं. समजा एका भागात कागदावर १,००० घरं, सगळी तळमजल्याची, घरात सरासरी साडेचार माणसं धरली तर ४,५०० माणसं. जिथे भुयारी गटार आहे तिथे माणशी रोज १३५ लिटर हे आपल्या देशात धरायचं माप आहे, म्हणजे ६ लाख ७ हजार ५०० लिटर. आता खरं असं आहे की त्यातल्या ४०० घरांवर वर एक मजला चढलाय आणि तिथे वेगळं कुटुंब राहतं. मग माणसं झाली ६,३०० आणि पाणी लागतं ८ लाख ५० हजार ५०० लिटर. रोज जवळजवळ अडीच लाख लिटरचा फरक, म्हणजे दहा हजार लिटरचे चोवीस टँकर, रोज. टाकी त्या पहिल्या आकड्यावर बांधली, पाईपचा व्यास त्यावर ठरला, मोटरचा एचपी त्यावर ठरला. नंतर शेवटच्या गल्लीला पाणी चढत नाही तेव्हा व्हॉल्व्हमनला शिव्या बसतात. त्या बिचाऱ्याचा काय दोष, मजला मोजायचा राहिलाय.

यात जनगणनेचा आधार घ्यावा म्हटलं तर शेवटची २०११ ची. तेव्हा जळगाव ४ लाख ६० हजारांचं शहर होतं आणि धुळं पावणेचार लाखांचं. तेव्हापासून आजपर्यंत जळगावात पिंप्राळ्याकडे, धुळ्यात देवपूरकडे काय काय उभं राहिलं ते तिथल्या माणसाला विचारा. एवढ्या वर्षांपूर्वीचा आकडा टक्क्याने वाढवून घेतला तर शहराची एकूण संख्या कदाचित जवळपास येईल, पण ती माणसं कोणत्या भागात वाढली हे कळणार नाही, आणि पाईप तर भागातच टाकायचा असतो.

नदीचंही तसंच. पाटबंधारे खातं नदीकाठी दोन पूररेषा आखतं, निळी ही साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल ही १०० वर्षांत एकदा येणाऱ्याची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, निळी आणि लाल यांच्या मधे अटींवर. रेषा कागदावर आली, पण तिच्या आत आज किती घरं आहेत, त्यात एक मजली किती, म्हातारी माणसं-लहान लेकरं कुठे, जोतं किती उंच, ही यादी नसेल तर धरणाचे दरवाजे उघडल्याचा फोन रात्री दोनला आल्यावर कोणाला उठवायचं ते कसं ठरवणार? पांझरेकाठी, गिरणेकाठी राहणाऱ्यांना हा प्रश्न नवा नाही.

मोठी शहरं यातून सुटलीत असं नाही. मुंबईच्या आराखड्याचं उदाहरण सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. तिथे विद्यमान जमीन वापराचा नकाशा २०१२ ला लोकांपुढे आला तेव्हाच संस्थांनी आणि रहिवाशांनी ढीगभर चुका दाखवल्या. तरी २०१५ च्या फेब्रुवारीत आलेल्या प्रारूप आराखड्यात उभ्या इमारतींमधून रस्ते, वारसा इमारती आणि प्रार्थनास्थळं चुकीच्या नोंदीत, असे प्रकार निघाले, इतका गदारोळ झाला की एप्रिल २०१५ ला तेव्हाचे आणि आताचेही मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो रद्द करून दुरुस्त करायला लावला. सुधारित मसुदा २०१६ ला आला, सरकारची मंजुरी २०१८ ला. देशातल्या सगळ्यात श्रीमंत महापालिकेची ती वर्षं गेली. आपल्या गावच्या नगरपालिकेकडे नगररचनेला दोन-तीन माणसं असतात, तिथे चूक झाली तर दुरुस्त करायला बळ कुठून आणणार? म्हणून पहिल्याच नकाशाला वेळ द्या, पैसे द्या, असं मी ज्याला त्याला सांगत असतो.

उलट्या बाजूने पण एक सांगायला पाहिजे. खरी माहिती नोंदवली म्हणजे बांधकाम कायदेशीर झालं असं होत नाही, बऱ्याच अधिकाऱ्यांना ती भीती असते की नकाशात दाखवलं तर मान्य केल्यासारखं होईल. तसं नाहीये. आहे ते आहे म्हणून लिहिणं वेगळं आणि परवानगी देणं वेगळं. ले-आऊटमधली १० टक्के ओपन स्पेस घ्या, कागदावर बगीचा, जागेवर कुठे देऊळ, कुठे सभामंडप, कुठे पाण्याची टाकी, कुठे नुसतीच काटेरी बाभूळ. कागदावरून मोजलं तर कॉलनीला बगीचे भरपूर आहेत म्हणून नवीन कशाला, असं निघतं. जागेवर एका पोराला खेळायला जागा नाही. लपवून कोणाचं भलं झालं?

आता तुमच्या हातात काय आहे ते सांगतो. प्रारूप आराखडा राजपत्रात प्रसिद्ध झाला की ३० दिवसांत हरकत-सूचना देता येते, मग नियोजन समितीपुढे सुनावणी होते. वर्तमानपत्रात छोट्या अक्षरातली नोटीस येते, ती सुटू देऊ नका. पण त्याच्याही आधी, तुमच्या गावात आराखड्याचा सर्वे सुरू झाल्याचं कळलं की नगरपालिकेत जाऊन विद्यमान जमीन वापर नकाशा बघायला मागा, कारण चूक तिथे पकडली तर एका रंगाची दुरुस्ती असते आणि आरक्षण पडल्यावर पकडली तर वकील लागतो. जाताना सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, घरपट्टीच्या जुन्यात जुन्या पावत्या, वीज बिल, मोजणीची 'क' प्रत (मोजणीनंतर मिळणारा हद्दीचा नकाशा) असेल तर ती, आणि घराचा असा फोटो ज्यात शेजारची एखादी ओळखीची खूण, शाळा नाहीतर देऊळ, दिसेल. हरकतीत "आमच्यावर अन्याय झाला" एवढंच लिहून भागत नाही, नकाशाचा पान नंबर, आरक्षणाचा नंबर, गट नंबर, जागेवर काय आहे आणि कधीपासून, हे चार ओळीत स्पष्ट लिहायचं. आणि एकट्याने जाऊ नका, गल्लीने मिळून जा, दहा घरांची एकत्र यादी आणि हाताने काढलेला का होईना गल्लीचा नकाशा समितीला जास्त कामाचा पडतो. आराखडा मंजूर झाल्यावर मात्र वाट अवघड, कलम ३७ खाली फेरबदल, नाहीतर दहा वर्षं थांबून, जागा घ्या नाहीतर आरक्षण सोडा अशी कलम १२७ ची नोटीस द्यायची आणि पुढे २४ महिने वाट बघायची. आरक्षणाखाली आहे म्हटल्यावर तोपर्यंत त्या घरावर कर्ज मिळणं मुश्कील, विकणं मुश्कील, मुलीच्या लग्नाला पैसा उभा करणं मुश्कील.

सर्वेला कोणी घरी आलं तर खरं सांगा हे पण हात जोडून सांगतो. घरपट्टी वाढेल म्हणून वरचा मजला लपवतात, भाडेकरू लपवतात, मी किती दारात ऐकलंय, "वर कोणी नाही, अडगळ आहे," आणि वरून कुकरची शिट्टी वाजते. लपवलेल्या मजल्याचं पाणी कोणी मोजत नाही. मला त्या लोकांचा राग येत नाही, कर कसा लागतो आणि त्यातून मिळतं काय हे त्यांना कोणी नीट सांगितलेलं नाही.

त्या दिवशी नानांच्या हरकतीला नऊ दिवस उरले होते. मी त्यांना काय काय कागद लागतील ते वहीच्या पानावर लिहून दिलं, आणि मग आमचं जे काम होतं ते करायला घेतलं. टॅबवर त्यांचं घर काढलं, तळमजला, चार खोल्या, स्लॅब, जोतं रस्त्यापासून दीड फूट वर, वापर निवासी, माणसं पाच, दारात निंब. स्क्रीनवर पिवळा चौकोन उमटला तसा टॅब त्यांच्याकडे फिरवला. नानांनी चष्मा लावला, बराच वेळ बघितलं, मग शेजारच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून म्हणाले, "बाजुले मन्हा भाऊनं घर शे, ते बी टाक."